पुरवाईच्या दिवशी हवालदार

लखनौमध्ये आमची आई कुणाला भ्याली असेल तर फक्त लूला, इथल्या भाजून काढणाऱ्या उन्हाळी वाऱ्याला. चोराला नाही, माकडांना नाही, बाबांच्या साहेबांना तर मुळीच नाही. सांगलीकडं ऊन काय कमी असतं? पण तिकडं दुपारी माणसं दार सताड उघडं टाकून सोप्यात आडवी होतात, वारा आला तर बरंच म्हणतात. इथं आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारणींनी तिला लूच्या अशा काही गोष्टी सांगितल्या, की तिनं दीक्षाच घेतली. नवी सून सासूपेक्षा जास्त सोवळं पाळते, तसं झालं. सकाळी नऊच्या ठोक्याला खिडक्या बंद, दारं बंद, वर जाड पडदे. दप्तरात कांदा. शाळेतून आलं की आधी कैरीचं पन्हं, मग चपला काढायच्या. बाबा रेल्वेत इंजिनियर, आठवड्यातले चार दिवस लाइनवर. तिथं उघड्या रुळांवर ते दिवसभर उभे असत आणि घरी आले की आई त्यांना खिडकीची फट उघडू देत नसे. ‘‘अगं, मी उन्हातच नोकरी करतो,’’ ते म्हणत. ‘‘तिथं तुमचा साहेब बघून घेईल, इथं मी आहे,’’ असं आईचं उत्तर असे.

निशातगंजमध्ये बाजाराच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो. एकामागं एक तीन खोल्या, मागं फरशीचं अंगण, अंगणात हातपंप. वर घरमालकीण राहायच्या, सईदा आपा. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पांढरा दुपट्टा आणि आवाज असा की रागावल्या तरी विनंती केल्यासारखं वाटायचं. शेवटच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा भला मोठा कूलर बसवलेला होता. संध्याकाळी बादल्या भरभरून त्यात पाणी ओतायचं काम माझं. तो सुरू झाला की सगळ्या घराला ओल्या वाळ्याचा वास यायचा आणि आवाज इतका, की आमच्या घरातली माणसं उन्हाळाभर एकमेकांवर ओरडूनच बोलत. आईनं ‘‘वरणात मीठ आहे का’’ विचारलं तरी बाहेरच्याला वाटावं भांडण चाललंय. मला अजूनही हळू बोलता येत नाही, त्याचं खापर मी त्या कूलरवर फोडते.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आमच्याकडं हवालदार आला. हवालदार म्हणजे कुत्रा. जाधवकाकांचा. जाधवकाका मूळ कराडचे, हवाई दलात, सरोजिनी नगरकडं राहायचे. कामच कुत्र्यांचं, पहाऱ्याची कुत्री शिकवायचं. हा मात्र सरकारी नव्हता, त्यांचा स्वतःचा. आई अल्सेशियन आणि बाप कोण ते गल्लीला ठाऊक, असं काका सांगायचे. दाट तपकिरी केस, वय नऊ, चालणं जबाबदार माणसाचं. पुतणीच्या लग्नाला काका दीड महिना गावी निघाले होते. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, बाकी कुणी नाही, तर कुत्रा ठेवायचा कुठं? मराठी घर म्हणून आमच्याकडं आले. आई म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्ही म्हणताय म्हणून. पण कुत्र्याची जागा अंगणात.’’ काका म्हणाले, ‘‘वहिनी, मे-जून आहे. अंगणात ठेवायचा असेल तर मी तिकीट रद्द करतो.’’ त्यांचं बोलणं असंच, मोजून मापून. आईनं शेवटची खोली दाखवली. मग त्यांनी मला समोर उभं करून सगळं सांगितलं. फिरायला न्यायचं ते उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर. रस्त्यावर आधी आपला तळहात टेकवायचा, आपल्याला दहा आकडे मोजेपर्यंत सोसलं तर त्याला सोसेल. पाणी मातीच्या नांदीत, दिवसातनं चारदा बदलायचं. केस कापायचे नाहीत, उन्हात तीच त्याची छत्री. आणि जाता जाता, जोडे घालताना, उगीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘बदलीची ऑर्डर यायचीय. वर डोंगरात पाठवलं तर याला नेता यायचं नाही. बघू, मग कुणाकडं तरी कायमचा द्यावा लागेल.’’

मी त्या रात्री जेवले नाही. आईला वाटलं ऊन लागलं. मला ऊन लागलं नव्हतं, मला कुत्रा हवा होता. घरात मी एकटी, बाबा लाइनवर, आई खिडक्यांमागं. शाळेतल्या मुली आपापसांत अशा हिंदीत बोलायच्या की माझा एक शब्द चुकला की सगळ्या हसायच्या. हवालदार माझ्या मराठीला कान हलवायचा. एवढं पुरे होतं. मी मनाशी ठरवलं, दीड महिना असा सांभाळायचा की काकांना दुसऱ्या कुणाचं नाव सुचूच नये.

आणि सांभाळला की हो! पहाटे गल्ली झाडणारी बाई यायच्या आत आमची फेरी झालेली असे. परतताना दूधवाल्याच्या सायकलीची घंटा, मशिदीतून येणारा आवाज, कुणाच्या तरी अंगणातला पंप, आणि हवालदार प्रत्येक खांबाची पाहणी करत पुढं. दुपारी शेवटच्या खोलीत ओलं पोतं अंथरायचं, त्यावर तो पोट टेकून पसरायचा. आई आधी पदर सावरून लांबून जायची. आठवड्याभरात तिनं ताकभाताचा गोळा बिनमिठाचा बाजूला काढायला सुरुवात केली. ‘‘मीठ घातलं तर पोरीचं कुत्रं तहानंल,’’ असं मलाच मोठ्या आवाजात ऐकवायची, जणू चूक माझी. आपा तर त्याला बढती देऊन ‘दरोग़ा साहब’, म्हणजे फौजदारसाहेब, म्हणायच्या आणि आप-आप करून बोलायच्या. ‘‘दरोग़ा साहब, तशरीफ़ रखिए, हम ज़रा ज़ीना उतर लें।’’ तो खरंच बाजूला व्हायचा.

आता गोमती नगरमध्ये सातव्या मजल्यावर राहते मी. खाली भर अकरा वाजता जून महिन्यात एक पोरगा फोन कानाला लावून कुत्र्याला डांबरावरून ओढत चाललेला परवा दिसला. कुत्रं एक पाय उचलतंय, दुसरा टेकतंय. मी लिफ्टनं खाली गेले आणि त्याला म्हटलं, ‘‘बेटा, ज़रा अपनी हथेली सड़क पर रखो। दस तक गिनो।’’ चारावर त्यानं हात काढला. नात माझ्यामागं पळत आली होती. ‘‘आजी, प्लीज़ यार, सीन मत कीजिए,’’ म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. मी म्हटलं, सीन नाही बाई, हा माझा भोगलेला धडा आहे. तो कसा भोगला ते तिला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहिते.

त्या उन्हाळ्यात काका यायला आठ-दहा दिवस उरले होते. सरोजिनी नगरला आईच्या ओळखीत बारसं होतं, आई-बाबा सकाळीच गेले. जाताना आईनं तीनदा बजावलं, ‘‘खिडक्या उघडायच्या नाहीत. कूलर चालू ठेव.’’ मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कूलर लावला, नांद भरली. हवालदार अंगणात उन्हात जाऊ नये म्हणून खोलीचं दार बाहेरून कडी घालून बंद केलं. अगदी नियमाप्रमाणं. मग गल्लीतली माझी एकुलती एक मैत्रीण शीला हाक मारत आली. त्यांच्याकडं गावाहून दसहरी आंबे आले होते. ‘‘आधा घंटा बस,’’ ती म्हणाली. बादलीत भिजत घातलेले ते आंबे, कोपरापर्यंत ओघळणारा रस, तिच्या बहिणींच्या गप्पा आणि पहिल्यांदाच माझ्या हिंदीला कुणी न हसणं. अर्धा तास कसला, अडीच तास झाले. मधे वीज गेली. त्यांच्याकडचा पंखा थांबला तसं सगळ्या ‘‘लो, गई!’’ म्हणाल्या आणि मीही म्हणाले. मला एकदाही घर आठवलं नाही. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बाहेर पडले तेव्हा हवा वेगळी होती. रोजचा तोंड भाजणारा कोरडा वारा नव्हता. पूर्वेकडून मंद वारं येत होतं, चिकट, घामावर बसणारं. मला वाटलं, बरं झालं, लू नाही आज. किती शहाणी! घरात शिरले, कडी काढली आणि तोंडावर वाफच आली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी. नांद उलटलेली. हवालदार दाराशीच पडलेला, दार नखांनी ओरबाडलेलं. जीभ एवढी मोठी बाहेर, तोंडातून दोरीसारखी चिकट लाळ, हिरड्या विटेसारख्या लाल. मी हाक मारली तर डोळे माझ्याकडं वळले, पण मी त्यात नव्हते. उठायला गेला आणि मागचे पाय फाकले, कोसळला.

मी काय केलं? जे सुचलं ते. पलंगावरची चादर ओढली, बादलीत बुडवली, त्याला त्यात गच्च गुंडाळला आणि किंचाळले, ‘‘आपाऽऽ!’’ त्या जिन्यानं धावत आल्या. सत्तरीची बाई अनवाणी धावली. एका नजरेत त्यांनी पाहिलं. ‘‘या अल्लाह! खिड़कियाँ बंद? बिटिया, आज पछुआ नहीं है, पुरवाई है! पुरवाई में कूलर का पानी बंद करते हैं, खिड़कियाँ खोलते हैं। कमरा नहीं, हम्माम बना दिया आपने!’’ तेव्हा मला कळलं. पछुआ म्हणजे पश्चिमेचा वारा, कोरडा, त्यात कूलर चालतो, लूसाठी दार लावायचं ते त्या वाऱ्यात. पुरवाई म्हणजे पूर्वेचा वारा, आधीच ओला. त्यात बंद खोलीत कूलर लावला की ओलाव्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि वीज गेली की वाराही नाही. माणसाला घाम तरी येतो. कुत्रं बिचारं धापेवरच गार होणार, आणि ओल्या हवेत धापेचा उपयोग नाही. लखनौच्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. आम्ही सांगलीचे, आमच्यासाठी उन्हाळा म्हणजे उन्हाळा आणि वारा म्हणजे वारा. आम्ही त्यांचा एक नियम उचलला आणि दुसरा कुणी सांगितलाच नाही, आम्हीही विचारला नाही.

‘‘चादर हटाइए! फ़ौरन!’’ आपा ओरडल्या. ‘‘अंदर भाप बन रही है।’’ त्यांच्या अब्बांकडं म्हणे सहा-सहा शिकारी कुत्री होती, त्यांना माहीत होतं. आम्ही दोघींनी पोत्यावर ओढत त्याला अंगणाच्या सावलीत आणला. मी नळाकडं पळाले, तर टाकीचं पाणी चहा करावा इतकं तापलेलं. ‘‘पंप! पंप चलाइए!’’ मग मी हातपंप मारत होते आणि आपा बादलीनं त्याच्या पोटावर, काखेत, मांड्यांच्या आत, पंजांवर पाणी ओतत होत्या. तोंडात नाही, गिळता येत नसताना पाणी घातलं तर छातीत जातं. शीलाच्या आईनं गल्लीतून बर्फ पाठवला, तो आपांनी परत पाठवला. ‘‘एकदम बर्फ़ नहीं। ऊपर से चमड़ी ठिठुर जाएगी, गर्मी अंदर रह जाएगी।’’ वीज नव्हतीच. पाणी ओतून झालं की आपा ताडाच्या पंख्यानं वारा घालायच्या, दमल्या की मी. मी पंप मारता मारता मोठ्यानं बोलत होते, मराठीत, देवाला, कुत्र्याला, कुणाला ते मलाही माहीत नाही. ‘‘मरू नकोस रे. मी परत आंबा खाणार नाही. मरू नकोस.’’ किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यानं मान उचलली, आणि आपांच्या हातावरचं पाणी दोनदा चाटलं. आपांनी दुपट्ट्यानं तोंड झाकलं. मी मात्र भोकाड पसरलं.

बाजारामागं जनावरांचे एक डॉक्टर राहायचे. सायकलरिक्षात हवालदार माझ्या मांडीवर, आपा शेजारी, वरून ओला पंखा. डॉक्टरांनी दुपारची झोप सोडून दार उघडलं, थर्मामीटर लावला, सलाईन लावलं. आपांना म्हणाले, ‘‘यहाँ लाने से पहले ठंडा कर दिया, इसीलिए यह ज़िंदा पहुँचा। वरना रास्ते में ही मर जाता।’’ पण पुढं म्हणाले, आतला मार नंतर कळतो. तीन दिवस बघा, लघवीचा रंग बघा, खातो का बघा. ते तीन दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही. तो कोपऱ्यात पडून राहायचा. लघवी पहिल्या दिवशी चहासारखी, दुसऱ्या दिवशी जरा निवळ. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून. पहिल्या दिवशी संध्याकाळी आई बारशाहून आली ती सगळं ऐकून मटकन बसली, कारण खिडक्यांचा हुकूम तिचा होता. उठली, एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्या दिवशी तिनं दहीभात मऊसूत कालवला, फरशीवर चक्क मांडी घालून बसली, आणि कुत्र्याच्या तोंडाशी स्वतःच्या बोटांनी घास धरला. ‘‘खा रे बाबा. चुकलं आमचं,’’ म्हणाली. त्यानं खाल्ला. मग बोटंही चाटली आणि आईनं ती मागं घेतली नाहीत.

काका यायच्या आदल्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली. कूलर बंद होता, म्हणून हळू बोलणं शक्य होतं. ‘‘हे बघ. वाचलाय, हिंडतोय, खातोय. आता भाऊजींना सांगून काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.’’ मी हो म्हटलं. मनापासून हो म्हटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या डोळ्यासमोर एकच होतं, बदली झाली असेल तर कुत्रा माझा. सांगितलं तर कुठला शहाणा माणूस माझ्याकडं ठेवील?

काका आले ते स्कूटरवर, संध्याकाळी. हवालदारानं अंगणभर गोल गोल धावून त्यांचं पटक्यासारखं बांधलेलं उपरणं खाली ओढून चावून टाकलं. काकांनी गुळाची ढेप आईच्या हातात दिली, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘ऑर्डर आली. डोंगरातच.’’ ते माझ्याकडं वळले. ‘‘गावी लग्नघरात सगळे म्हणायचे, जून महिना, परक्याकडं कुत्रं टाकून आलास. मी म्हणालो, तिथं सुनंदा आहे. दीड महिना मला एकदाही घोर लागला नाही.’’ असं म्हणून त्यांनी हवालदाराचा पट्टा माझ्या हातात ठेवला आणि आईला विचारलं, ‘‘वहिनी, ठेवाल याला?’’

आईनं तोंड उघडायच्या आत मी बोलले. घोर लागला नाही म्हणाले ना, ते मला सहन झालं नाही. ‘‘काका, मी त्याला मारलाच होता,’’ म्हटलं. आणि सगळं सांगितलं. आंबे, कडी, वीज गेली तरी मला आठवला नाही ते, चादर गुंडाळली ते. रडत सांगितलं, नाक पुसत सांगितलं. आई मधे म्हणाली, ‘‘खिडक्या मी लावायला सांगितल्या होत्या, भाऊजी.’’ काकांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की हवालदारही त्यांच्या पायाशी जाऊन गप्प बसला. बराच वेळ ते त्याच्या हिरड्या दाबून पाहत होते, पोट चाचपत होते.

‘‘परत झालं तर?’’ खाली बघतच त्यांनी विचारलं.

‘‘परत होणार नाही.’’

‘‘ते नाही विचारलं. झालं तर पहिलं काय?’’

‘‘सावलीत आणायचं. हवा मोकळी करायची.’’

‘‘मग?’’

‘‘साधं पाणी. पोटावर, काखेत, मांड्यांत. चादर नाही. बर्फ नाही. वारा घालायचा.’’

‘‘प्यायला?’’

‘‘तो स्वतः मान उचलेल तेव्हा. जबरदस्ती नाही. मग डॉक्टर.’’

‘‘आणि सकाळी उठल्यावर?’’

मी मान वर करून आभाळाकडं पाहिलं. मग कळलं. ‘‘वारा कुठला आहे ते बघायचं.’’

‘‘परत म्हण. सगळं.’’

मी परत म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी माझं रडं थांबलेलं होतं. मग ते उठले. हवालदाराच्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, काही वेळ. चांगलं नाही म्हणाले, वाईट नाही म्हणाले, माफ केलं असंही नाही म्हणाले. जोडे घातले, गल्लीत गेले आणि स्कूटरला किक मारली.

आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी पट्टा धरून तशीच उभी. स्कूटर कोपऱ्यावर पोचली तशी आई पदर खोचून दाराबाहेर धावली आणि आख्ख्या निशातगंजला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘‘अहो भाऊजी! भाऊजीऽऽ! कुत्रं राहिलं की तुमचं इथंच!’’

काकांनी मागं न बघता एक हात वर केला, आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.